अ‍ॅबिसमधून वर येताना

‘काका, तुमची उमेदीची सगळी वर्षं सॅटमध्ये, म्हणजे दाबाच्या चेंबरमध्ये राहून समुद्रतळावर काम करण्यात गेली. जपानी मांगा मेड इन अ‍ॅबिसमधला तो शाप म्हणजे तुमचे बेंड्सच ना, वर येताना डायव्हरला धरतात ते? त्या अथांग विवरात उतरताना काही होत नाही, चढताना माणूस मरतो. आणि असं विवर खरंच असतं तर तिथून कुणी जिवंत परत आलं असतं का? तुम्ही कुठवर उतरला असता?’

तीन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे, पण ते पटवायला थोडा हिशेब मांडावा लागेल. दुसऱ्याचंही नाहीच, फक्त तुला वाटतंय त्या कारणासाठी नाही. तिसरं शेवटी सांगतो. आधीच बजावून ठेवतो, गोष्टीतली बरीच गुपितं इथे फुटणार आहेत. तुझ्या ज्या मित्रांचं वाचून व्हायचंय त्यांना हे दाखवू नकोस.

ही मांगा, म्हणजे चित्रकथा, माझ्या घरात लेकीमुळे आली. अकिहितो त्सुकुशी या चित्रकाराने ती २०१२ मध्ये ताकेशोबो या प्रकाशनाच्या वेब कॉमिक गामावर सुरू केली, २०१७ मध्ये तिचं अ‍ॅनिमे आलं, २०२० मध्ये चित्रपट आणि २०२२ मध्ये दुसरा सीझन. लेक अ‍ॅनिमे बघत होती आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होतो. एका पात्राने ‘खाली जाणं सोपं आहे, वर येणं महाग पडतं’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि मी भाजी बाजूला ठेवली. हे वाक्य मी चेंबरच्या पत्र्याआड बसून शंभर वेळा ऐकलेलं होतं.

नकाशा डोळ्यांसमोर आण. समुद्रातल्या एका बेटाच्या मधोमध हजारेक मीटर रुंदीचं विवर आणि त्याच्या काठाला चिकटून वसलेलं ओर्थ नावाचं शहर. विवराचा शोध लागून एकोणीसशे वर्षं झालीत, तरी तळ कुणी मोजलेला नाही. पहिला थर १,३५० मीटरपर्यंत. इथून चढताना हलकी भोवळ आणि मळमळ, म्हणजे घाटातल्या एसटीत मागच्या बाकावर बसलं की होते तेवढीच. दुसरा २,६०० पर्यंत, उलट्या वाढलेल्या झाडांचा. तिथून चढताना ओकाऱ्या, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या. तिसरा थर म्हणजे ७,००० मीटरपर्यंत गेलेला सरळसोट कडा. तो चढताना तोल जातो, नसलेलं दिसतं आणि ऐकू येतं. चौथा १२,००० पर्यंत, राक्षसाच्या पेल्यांएवढ्या वनस्पतींचा, दमट. इथल्या चढणीत अंगभर कळा आणि डोळ्या-नाका-कानांतून रक्त. पाचवा १३,००० पर्यंत, त्याचं नावच कलेवरांचा समुद्र. तिथून चढलं की सगळ्या संवेदना जातात, भान जातं, माणूस स्वतःलाच इजा करून घेतो. सहावा १५,५०० पर्यंत. तिथून चढलं तर मरण, आणि मरण टळलं तर माणूसपण जातं. सातव्यातून चढणं म्हणजे खात्रीचं मरण, एवढंच लिहून नकाशा गप्प बसतो.

ओर्थचे लोक याला शाप म्हणतात. पण अभ्यासक त्याला ‘जोशो फुका’ म्हणतात, चढणीचा भार. मला हा दुसरा शब्द फार आवडला. आमच्या धंद्यातही दोन भाषा असतात. डेकवरचा खलाशी म्हणतो, ‘त्याला बेंड्स धरला’, भूत धरल्यासारखं. चेंबरबाहेर घड्याळ घेऊन बसलेला टेक्निशियन म्हणतो, डीकम्प्रेशन सिकनेस, टाइप वन. माणूस तोच, दुखणं तेच.

आता बेंड्सकडे येऊ. झाकण काढलं की बुडबुडे येतात त्या सोड्याच्या बाटलीचं उदाहरण तू शाळेत ऐकलंच असशील. ते चूक नाही, पण अपुरं आहे. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे जमिनीवरच्या हवेएवढा, दाब वाढतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात विरघळत जातो. बाटलीत सोडा सगळीकडे सारखाच असतो, अंगात तसं नसतं. रक्त लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं. चरबी, कूर्चा, सांध्यांभोवतीचे भाग सावकाश भरतात आणि त्याहून सावकाश रिकामे होतात. घाईने वर आलास तर त्या सावकाश भागांत बुडबुडे धरतात. म्हणून दुखतं ते खांद्यात, कोपरात, गुडघ्यात. फार वाईट झालं तर पाठीच्या कण्यात, आणि मग माणूस चालत नाही.

हे डॉक्टरांच्या आधी मजुरांना कळलं होतं. १८७० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुइस आणि ब्रुकलिनचे मोठे पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत माणसं उतरवून पाया खणत. आत असताना माणूस ठणठणीत. शिफ्ट संपवून बाहेर आला की वाकून चालायला लागे. त्या काळी बायकांत एक वाकून उभं राहायची फॅशन होती, तिच्यावरून सोबत्यांनी थट्टेने दिलेलं ‘बेंड्स’ हे नाव पुढे कायमचं चिकटलं. त्याच मजुरांच्या लक्षात आलं होतं की पुन्हा खाली गेलं की दुखणं थांबतं. फ्रान्समध्ये पॉल बेर याने १८७८ मध्ये दाखवलं की दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. मग इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी बोकडांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये नियम मांडला. दाब एका टप्प्यात निम्म्यापर्यंत उतरवला तर अंग सहन करतं, त्याहून जास्त उतरवायचा तर टप्पे घ्यायचे, थांबायचं. आजचे तक्ते हाल्डेनपेक्षा कडक आहेत, पण मुळाशी तोच आहे.

मला स्वतःला एकदाच धरलं. चाळीसेक मीटरची साधी डाइव्ह होती, बेलविना, म्हणजे डायव्हरना दाबात खाली-वर नेणाऱ्या बंद पेटीविना, सगळे थांबे घेऊन वर आलो होतो. तासाभराने चहाचा कप उचलायला गेलो तर डाव्या खांद्यात दात ठणकावा तशी कळ. आधी वाटलं, पान्हा फिरवताना स्नायू आखडला असेल. प्रत्येक डायव्हर पहिल्यांदा स्वतःशी हेच खोटं बोलतो. सुपरवायझरने चेहरा बघितला आणि काही न विचारता चेंबरचं दार उघडलं. अठरा मीटरच्या दाबाला नेऊन ऑक्सिजन दिला आणि दहा मिनिटांत कळ विरघळली. तरी पूर्ण तक्ता भोगावा लागतो, तो पावणेपाच तासांचा.

या गोष्टीतल्या दोन बाबी लक्षात ठेव. दुखणं तासाभराने आलं, आणि दाब परत दिल्यावर गेलं. अ‍ॅबिसमध्ये दोन्ही नाहीत. तिथे चढण सुरू झाली की भार जवळपास लगेच बसतो, आणि एकदा बसलेला पुन्हा खाली उतरून फिटत नाही. त्या भाराने ससा-माणसासारखी झालेली नानाची नावाची पोर पुन्हा माणसाची झाली नाही.

आता हिशेब. अ‍ॅबिस पाण्याने भरलेलं नाही, हवेने भरलंय. खोलीचे आकडे बघून छाती दडपते, पण हवा पाण्याच्या जवळजवळ आठशे पटीने हलकी आहे. आपल्या वातावरणाचं नेहमीचं गणित समुद्रसपाटीखाली तसंच पुढे नेलं, तर ७,००० मीटरला सव्वादोन बारच्या आसपास दाब येतो, १३,००० मीटरला चारच्या आसपास, १५,५०० मीटरला पाचाच्या थोडा आत. चार बार म्हणजे माझ्या भाषेत तीस मीटर पाणी! मौजेसाठी डायव्हिंग करणाऱ्यांना चाळीस मीटरची मर्यादा असते. म्हणजे ज्या कलेवरांच्या समुद्राच्या तळाखाली पांढऱ्या शिट्टीवाले, म्हणजे विवरात उतरणाऱ्यांतले सगळ्यांत वरच्या दर्जाचे, सोडून कुणाला परवानगी नाही, त्या तळावरचा दाब एखाद्या हौशी बँक मॅनेजरने सुट्टीत सोसावा इतकाच.

हाल्डेनच्या नियमाने बघ. तिसऱ्या थराच्या तळापासून लिफ्टने सरळ ओर्थच्या बाजारात आलास, तर दाब जेमतेम निम्म्यावर येतो. शिस्तीत आलास तर काही होऊ नये. पण मांगातला माणूस तेवढ्यात भास होऊन कड्यावरून उडी टाकतो. त्याहून स्पष्ट म्हणजे सहाव्या थराचा प्रसंग. त्याच्या तळापासून पाचव्याच्या तळापर्यंत दाब पाचाच्या आतून चारवर येतो, म्हणजे एक पंचमांश कमी होतो. इतक्यावर फार तर कान वाजतात, बेंड्स होत नाहीत. आणि नेमक्या याच टप्प्यात मीटी नावाच्या पोरीचा मांसाचा गोळा होतो.

तेव्हा बेंड्स नाहीत. त्सुकुशीला बेंड्स माहीत नसतील असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने त्यांची फक्त दिशा घेतली आणि कारण टाकून दिलं.

दुसरा प्रश्न इथेच उरकतो. असं विवर खरं असतं तर दाबाने मेला नसतास, उकडून मेला असतास. डोंगर चढताना जशी हवा गार होते तशी खाली उतरताना तापते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. तेरा किलोमीटर खाली हवाच पाणी उकळायच्या तापमानाला पोचते. शिवाय खडकाची स्वतःची ऊब वेगळी. रशियात कोला द्वीपकल्पावर वीतभर रुंदीचं एक भोक १२,२६२ मीटरपर्यंत पाडलं होतं, त्याच्या तळाशी सुमारे १८० अंश निघाले आणि काम थांबवावं लागलं. चौथ्या थरात वाफाळलेली हवा दाखवली आहे, तेवढ्यापुरतं ठीक. त्याखाली मुलं अंगात कोट घालून फिरतात, तिकडे मी डोळेझाक केली. गोष्टीला तिचा हक्क असतो.

मग तो भार आहे तरी काय? मांगा म्हणते की विवराच्या तळाकडून एक बलक्षेत्र वर पसरलेलं आहे, पातळ झिरझिरीत पडद्यांसारखं. उजेडही त्याच्यामुळेच इतक्या खाली पोचतो. उतरताना माणूस ते पडदे सहज पार करतो, चढताना ते त्याच्यातून ओढून काढल्यासारखे लागतात. नानाचीला ते दिसतात. कुठे ते दाट आहेत, कुठे विरळ, हे बघून ती वाट काढते. चौथ्या थरातला काट्यांचं ते जनावर याच पडद्यांतल्या हालचालीवरून समोरच्याचा पुढचा डाव आधी ओळखतं. मला हे वाचताना आमच्या लाइफ सपोर्टवाल्यांची आठवण झाली. ते चेंबरच्या बाहेर बसून आतल्या हवेचे आकडे बघतात आणि आपल्याला काय होणार ते आपल्या आधी त्यांना कळतं.

आणखी एक गोष्ट बघ. खऱ्या खोलीत उतरण्यालाही दंड आहे. तीस मीटरनंतर नायट्रोजन चढतो, अगदी दारूसारखा. एका सोबत्याला मी खाली पाइपशी गप्पा मारताना पाहिलंय. म्हणून खोल कामाला नायट्रोजन काढून हेलियम देतात. त्याने आवाज बदकासारखा होतो आणि थंडी हाडात शिरते, कारण हेलियम अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने पळवतं. दीडशे मीटरच्या पुढे हात थरथरायला लागतात. फ्रान्समध्ये १९९२ मध्ये एक डायव्हर चेंबरमध्ये ७०१ मीटरच्या दाबापर्यंत गेला, त्यासाठी श्वासाच्या वायूत हायड्रोजन मिसळावा लागला होता. म्हणजे खरा समुद्र जाताना पण घेतो आणि येताना पण.

त्सुकुशीने जाण्याचा सगळा दंड माफ केला. नुसता माफ केला नाही, जाणं गोड केलं. पांढऱ्या फुलांची पठारं, उलटं जंगल, विचित्र पण सुंदर जनावरं, प्रत्येक थरात वरच्याहून मोलाच्या पुरातन वस्तू. जपानीत एक शब्द आहे, ‘अकोगारे’, आणि ही मांगा तो पुन्हा पुन्हा वापरते. मराठीत मी त्याला ओढ म्हणेन, नदीच्या पाण्याला असते ती आणि माहेराची असते ती, दोन्ही. रिको बारा वर्षांची आहे, तिची आई लायझा खाली गेलेली आहे, आणि विवरातून वर आलेल्या एका चिठ्ठीत लिहिलंय, ‘नाराकुच्या तळाशी वाट बघते आहे.’ पुढे ओझेन, लायझाची गुरू, म्हणते की हे अक्षर लायझाचं नव्हेच. तोवर पोरगी दुसऱ्या थरात उतरलेली असते.

‘नाराकु’ शब्दावर थांब जरा. हा आपलाच शब्द आहे. संस्कृतातला नरक बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे नाराकु झाला. काबुकी नाटकाच्या रंगमंचाखाली जो अंधारा तळमजला असतो, त्यालाही ते नाराकुच म्हणतात. नट तिथून लिफ्टवर उभा राहून थेट प्रेक्षकांसमोर वर येतो. जपानी वाचकाला त्या चिठ्ठीत नरकही दिसत असणार आणि रंगमंचाखालचा तो अंधारही. मराठीत ‘रसातळ’ वापरलं असतं तर शब्द छान बसला असता, पण शब्दाचा प्रवास हरवला असता.

आता ज्याच्यासाठी मी भाजी बाजूला ठेवली त्याकडे येतो. बेंड्स आणि शाप वेगळे आहेत हे सांगून झालं. तरीही ही मांगा आमच्या आयुष्याला इतकी लागून का जाते?

सॅट म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण पुन्हा सांगतो. मुंबई हायला पाणी सत्तर-ऐंशी मीटर. तेल १९७४ मध्ये लागलं आणि तेव्हापासून तळावरच्या पाइपलाइनींना माणसांची गरज आहे. रोज वर-खाली केलं तर सगळा वेळ थांब्यांतच जाईल. म्हणून माणसाला जहाजावरच्या चेंबरमध्ये, कामाच्या खोलीएवढ्या दाबात ठेवून देतात. अंग वायूने एकदा पूर्ण भरलं की आणखी भरत नाही. मग एक दिवस राहा की अठ्ठावीस, वर यायला लागणारा वेळ तेवढाच. बेलमधून कामाला जायचं, बेलमधून परत यायचं, दाब तोच. शेवटी एकदाच वर यायचं, सत्तर मीटरवरून म्हटलं तर साडेतीन दिवसांत.

पण हे ‘वर येणं’ विचित्र असतं. तुम्ही आधीच वर असता. जहाजाच्या डेकवरच, समुद्राच्या पाण्यापेक्षा उंच. गोल काचेतून स्वयंपाकी कांदा चिरताना दिसतो. त्याच्यात आणि तुमच्यात एक पोलादी भिंत आणि साडेतीन दिवस असतात. आमच्यातल्या एकाची आई गेली तेव्हा तो आत होता, नवव्या दिवशी. निरोप इंटरकॉमवर आला. चेंबरमध्ये चौघे होतो, पाचवं कुणी येऊ शकत नव्हतं आणि तो बाहेर जाऊ शकत नव्हता. डीकम्प्रेशन त्याच तासाला सुरू केलं, पण एका मिनिटानेही घाई करता येत नाही. तो घरी पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. हेलियममुळे बदकासारख्या झालेल्या आवाजात तो रडत होता, आणि त्या आवाजाला हसू येऊ नये म्हणून आम्ही तिघे भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अ‍ॅबिसमध्ये मला हेच दिसतं. सहाव्या थरात जाणाऱ्या पांढऱ्या शिट्टीवाल्यांच्या प्रवासाला मांगात शेवटची बुडी म्हणतात, आणि ओर्थ शहर त्यांना वाजतगाजत निरोप देतं. त्यानंतर त्यांच्याकडून वर येतं ते फुग्याला बांधलेलं कागदाचं पुडकं. माणूस जिवंत आहे, लिहितोय, चित्रं काढतोय, पण येऊ शकत नाही. खाली वेळही वेगळा चालतो. उतरलेल्याला काही आठवडे वाटतात तेवढ्यात वर महिने उलटतात. चेंबरमध्ये दिवस-रात्र नसते, फक्त शिफ्ट असते. बाहेर आल्यावर मोबाइलवरची तारीख बघून माझाही दरवेळी असाच गोंधळ व्हायचा, जरी आमचं घड्याळ बरोबर होतं.

शिट्ट्यांची उतरंड तर सरळ आमच्या तिकिटांसारखी, म्हणजे डायव्हरच्या परवान्यांसारखी आहे. शिकाऊ पोरांना लाल, मग निळी दुसऱ्या थरापर्यंत, चंद्रशिट्टी चौथ्यापर्यंत, काळी पाचव्यापर्यंत, पांढरीला मर्यादा नाही. शिट्टी बघितली की कळतं याला कुठवर पाठवायचं. शिट्टीवरून एक सुचलं म्हणून सांगतो, याचा मांगाशी संबंध आहे असा माझा दावा नाही. जपानच्या मिए प्रांतात आमा म्हणतात अशा पाणबुड्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एका श्वासात बुडी मारून गोगलगायी आणि शिंपले काढतात. वर आल्यावर त्या दबलेला श्वास ओठांतून सोडतात तो शिट्टीसारखा वाजतो, त्याला ‘इसोबुए’ म्हणतात, किनाऱ्याची शिट्टी. त्यांच्यात शिट्टी म्हणजे मी वर आले, एवढाच अर्थ. मांगातली पांढरी शिट्टी मात्र माणसापासून होते. कुणीतरी आपला जीव आपखुषीने दुसऱ्यासाठी दिला, तर त्याच्या देहाचा जो दगड उरतो त्याची ती शिट्टी घडवतात.

इथून बोंद्रूडवर यावंच लागतं. पाचव्या थराच्या तळाशी त्याचं ठाणं आहे, तो पांढऱ्या शिट्टीवाला आहे, बोलायला अत्यंत मृदू. मला आजवर वाचलेल्या खलनायकांत तो सगळ्यांत ओळखीचा वाटला, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. बेंड्सचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. माझ्या सांध्यातला बुडबुडा तुझ्या सांध्यात जाणार नाही. अ‍ॅबिसचा भार मात्र टाकता येतो, हा त्सुकुशीचा सगळ्यांत भयंकर शोध. मीटी आणि नानाचीला लिफ्टने सहाव्या थरात उतरवून वर ओढलं तेव्हा दोघींचा भार एकटीवर गेला, म्हणून एकीचा गोळा झाला आणि दुसरी ससा-माणसासारखी होऊन शहाणी राहिली. ते यश बघून बोंद्रूड अनाथ मुलं आणवतो आणि त्यांना चढणीचा भार झेलणाऱ्या कार्ट्रिज बनवून पाठीवर बांधतो. स्वतः आरामात चढतो.

पुलाच्या पायातल्या मजुरांचा इतिहास वाचलेला माणूस हे पान उलटू शकत नाही. तिथेही पूल एकाचा आणि वाकलेले सांधे दुसऱ्याचे होते. ओर्थकडे नीट बघ, बोंद्रूड हा काही त्या शहराचा अपवाद नाही. बेलचेरो अनाथाश्रम मुलांना खायला घालतो, त्या बदल्यात ती मुलं रोज विवरात उतरून पुरातन वस्तू वेचतात, आणि आश्रम त्यावर चालतो. लाल शिट्टी गळ्यात घातलेली पोरं ही त्या शहराची पहिली कार्ट्रिजच आहेत, फक्त हसरी. पहिल्या भागात हे इतक्या उजेडात, इतक्या हिरव्यागार रंगात दाखवलंय की लेकीच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटल्यावर ती माझ्यावर चिडली.

माझे आक्षेपही ऐकून ठेव, नाहीतर म्हणशील काका भक्त झालेत. लहान मुलांची शरीरं ज्या तऱ्हेने काही ठिकाणी रेखाटली आहेत ती मला अजिबात पटत नाहीत, आणि त्याला गोष्टीची गरज वगैरे कारण देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो. यातना कधीकधी गरजेपेक्षा दोन पानं जास्त चालतात. चेहरे गोलमटोल आहेत म्हणून घरातल्या धाकट्यांच्या हाती हे देऊ नकोस. नववी-दहावीच्या आधी तर नाहीच.

आता तिसरा प्रश्न. मी कुठवर उतरलो असतो?

तिसऱ्या थराच्या काठापर्यंत, म्हणजे २,६०० मीटरला, जिथून तो कडा सुरू होतो. तिथल्या उलट्या जंगलात ओझेनचं ठाणं आहे, तिथे चार दिवस राहिलो असतो. म्हातारी तुसडी आहे, पण चहा देईल असं वाटतं. परत येताना ओकाऱ्या आणि डोकेदुखी, तेवढी मी आयुष्यभर काढलेली आहे. त्याखाली भास होतात. पाइपशी गप्पा मारणारा तो सोबती मी पाहिलेला आहे, आणि त्याला वर आणायला बेलमध्ये मी होतो. सरळसोट कड्यावर तशा अवस्थेत मला कोण धरणार?

आणि तू विचारायच्या आधीच सांगतो. निळी शिट्टी मागितली असती. चंद्रशिट्टी दिली असती तरी घेतली नसती.